मुंबईची तीन दिवसांची कौटुंबिक सहल : कमी खर्चात आणि बेताच्या दगदगीत

विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा सोलापूर-कोल्हापूरकडील कुटुंब मुलांना समुद्र दाखवायला पहिल्यांदाच मुंबईला निघते, तेव्हा घरातील मोठ्यांना पहिली धास्ती खर्चाची असते. ती निराधार नाही, मात्र बहुतेक वेळा ती चुकीच्या गोष्टीविषयी असते. मुंबईत पाहण्यासारख्या गोष्टी महाग नाहीत. चौपाट्या, मरीन ड्राइव्ह, गेटवे ऑफ इंडिया आणि फोर्टातील दगडी इमारती यांना तिकीटच नाही. घारापुरीच्या (एलिफंटा) लेण्यांना भारतीय प्रौढांसाठी ४० रुपये पडतात आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, आई-वडील व दोन मुले यांच्यासाठी १०० रुपयांचे एकत्रित तिकीट मिळत आले आहे आणि शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरायला दहा-दहा रुपये पुरतात. म्हणजे या तीन ठिकाणांचे चौघांचे प्रवेशशुल्क सव्वादोनशेच्या आत बसते.

पैसा खरा जातो तो रात्रीच्या मुक्कामावर आणि शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे केलेल्या विनाकारण फेऱ्यांवर. मुंबई दक्षिणोत्तर लांबट शहर आहे. सकाळी गेटवे, दुपारी जुहू आणि संध्याकाळी पुन्हा गिरगाव चौपाटी असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, पण त्यात दिवसाचे चार तास प्रवासात जातात आणि शेवटी मुले कंटाळली की टॅक्सी करावी लागते. म्हणून एका दिवशी एकच भाग पाहायचा, हे सूत्र धरून पुढील आखणी केली आहे.

आधी महिना आणि वार ठरवा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, पण हवेतील दमटपणामुळे दुपारी बारा ते चार फिरणे नकोसे होते, आणि कोरड्या उन्हाची सवय असलेल्या नागपूर-अकोल्याच्या माणसालाही हा घाम वेगळाच वाटतो. जून ते सप्टेंबर या काळात पाऊस, उसळता समुद्र आणि अनिश्चित बोटसेवा यांमुळे पहिल्यांदाच येणाऱ्यांनी बेत करू नये. गणेशोत्सवाचे दहा दिवस मुद्दाम उत्सवासाठी यायचे असेल तरच निवडावेत. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी आणि त्याच्या आगेमागे चैत्यभूमीवर अभिवादनासाठी देशभरातून लाखो लोक दादरला येतात. अभिवादनासाठी येणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण निव्वळ पर्यटनासाठी येणाऱ्यांनी त्या तारखा सोडून मुक्काम ठरवावा.

वाराकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि तेथेच बेत फसतो. घारापुरी आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. रविवारी रेल्वे रुळांच्या व सिग्नलच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक घेते, त्यामुळे काही तास लोकल उशिरा धावतात किंवा ठरावीक स्थानकांवर थांबत नाहीत. या सगळ्याचा हिशेब केला तर गुरुवारी सकाळी पोहोचून शनिवारी रात्री परतीची गाडी पकडणे सर्वांत सोयीचे ठरते. रविवारचा दिवस घरी कपडे धुण्यास आणि झोप पुरी करण्यास मिळतो, हा त्यातील आणखी एक लाभ आहे.

तिकिटे

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भ, देवगिरी, सिद्धेश्वर किंवा महालक्ष्मी एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाड्यांची शयनयानाची जागा पाहता पाहता संपते, म्हणून तारीख आधी ठरवून आरक्षण खुले होते त्याच दिवशी सकाळी तिकीट काढावे. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडे पडते आणि बर्थ नको म्हटले तर अर्धे. सहा-सात वर्षांचे एकच मूल असेल तर ते आईजवळ झोपू शकते आणि पैसे वाचतात. दहा-अकरा वर्षांची दोन मुले असतील तर ही काटकसर करू नये, कारण रात्रभर न झोपलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी काहीच पाहू शकत नाही.

एसटीने यायचे असेल तर महिलांना राज्यांतर्गत प्रवासात निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. आई, आजी आणि दोन मुली असे कुटुंब असेल तर एसटी कधी कधी रेल्वेच्या जवळपास पडते. तरीही आठ-दहा तासांहून लांबच्या अंतराला मुलांसह रेल्वेच बरी, कारण गाडीत स्वच्छतागृह असते.

तिकीट काढताना गाडी मुंबईत नेमकी कोठे थांबते आणि परतीची कोठून सुटते, हे दोनदा वाचावे. लोकमान्य टिळक टर्मिनस हे कुर्ल्याजवळ आहे. ते सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, नव्हे. वांद्रे टर्मिनस आणि लोकलचे वांद्रे स्थानक हीदेखील दोन वेगळी ठिकाणे आहेत. सीएसएमटीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याण, ठाणे किंवा दादरला थांबतात. मुक्काम ज्या भागात असेल तेथेच उतरले की एक फेरी वाचते.

मुक्काम कोठे करावा

स्वस्त खोली शोधताना लोक शहराबाहेर सरकत जातात. ठाणे, डोंबिवली, पनवेल येथे त्याच पैशांत मोठी खोली मिळते, हे खरे. मात्र तेथून सीएसएमटीला यायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि सकाळी सगळी मुंबई त्याच दिशेने निघालेली असते. मुले दहा वर्षांखालील असतील तर दादर ते सीएसएमटी या पट्ट्यातील साधे लॉजच निवडावे. खोली लहान असेल, पण दुपारी परत येऊन तासभर आडवे होता येते. मुले मोठी असतील आणि घरातील सर्वांना पहाटे उठण्याची सवय असेल, तर ठाण्याचा विचार करण्यास हरकत नाही.

दादर पसंत करण्याचे कारण असे की मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे तेथे एकत्र येतात, मराठी जेवण मिळते आणि परतीच्या दिवशी सामान घेऊन फार लांब जावे लागत नाही. लॉजला फोन करताना भाड्याबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का? खोली चोवीस तासांच्या हिशेबाने मिळते, की दुपारी बाराला रिकामी करावी लागते? न्हाणीघर खोलीला लागून आहे का, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत येते? लिफ्ट आहे का? पहाटे पाच-सहाला पोहोचणाऱ्या कुटुंबासाठी दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बारा वाजताचा नियम असेल तर सकाळच्या सहा तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे मागितले जाते. सर्व प्रौढांचे आधार कार्ड जवळ ठेवावे आणि स्थानकाबाहेर ‘स्वस्त रूम’ म्हणत मागे लागणाऱ्या दलालांबरोबर जाऊ नये.

रेल्वेची विश्रामगृहे हा कमी वापरला जाणारा पर्याय आहे. आरक्षित तिकिटाच्या पीएनआरवर सीएसएमटी, मुंबई सेंट्रल यांसारख्या मोठ्या स्थानकांवरील खोली किंवा सामायिक कक्षातील खाट आयआरसीटीसीवर नोंदवता येते. खोल्या मोजक्याच असल्याने तिकीट निश्चित होताच नोंदणी करावी. अनेक समाजांच्या धर्मशाळा आणि वसतिगृहे दक्षिण मुंबईत आहेत. आपल्या गावच्या संस्थेचे पत्र तेथे चालते का, याची चौकशी गावातच करून निघावे.

नातेवाइकांकडे उतरण्याचा मार्ग बहुतेक मराठी कुटुंबांना मोकळा असतो आणि तो सर्वांत स्वस्तही आहे. तेवढेच भान हवे की मुंबईत अनेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच येते आणि सकाळी सात ते नऊ घरातील नोकरदारांची घाई असते. पाहुण्यांनी आपल्या आंघोळी त्यांच्या आधी किंवा नंतर उरकाव्यात, आणि एका वेळचे जेवण रोज बाहेर घ्यावे.

शहरात फिरणे

लोकल हे सर्वांत स्वस्त वाहन आहे आणि योग्य वेळ धरली तर मुलांसह ते अवघडही नाही. सकाळी साधारण आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत नवख्या कुटुंबाने चढू नये. संध्याकाळी सहाच्या सुमारास दादरच्या पुलावर उभे राहिले तर हा सल्ला का दिला ते कळते: माणसे चालत नसतात, पुढे ढकलली जात असतात, आणि मध्येच थांबून ‘कोणत्या बाजूला जायचे’ असे विचारण्यास कोणालाच उसंत नसते. त्या वेळी समुद्राकाठी बसून राहावे आणि गर्दी ओसरल्यावर निघावे.

धीमी लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते आणि जलद लोकल काही मोजक्याच. इंडिकेटरवर गाडीचे शेवटचे स्थानक, वेळ आणि ‘एस’ (धीमी) किंवा ‘एफ’ (जलद) हे अक्षर पाहावे. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिलेले आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. आई व मुली महिलांच्या डब्यात आणि बाबा सर्वसाधारण डब्यात अशी विभागणी झाली, तर उतरण्याचे स्थानक आणि तेथे भेटण्याची खूण आधी ठरवावी. गाडीत फोन लागेलच असे नाही. तिकीट रेल्वेच्या अ‍ॅपवर किंवा स्थानकावरील यंत्रावर काढता येते. एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते, पण दिवसाला एकाच भागात फिरणाऱ्यांना सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे. दादर, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट ही सहल करणाऱ्यांच्या उपयोगाची स्थानके तिच्यावर आहेत. भाडे १० ते ७० रुपये, म्हणजे लोकलहून अधिक. मात्र उन्हातून दमून आल्यावर थंड डब्यात बसायला मिळते, तेव्हा दिवसातून एक फेरी मेट्रोने करणे ही उधळपट्टी मानू नये.

बेस्टच्या साध्या बसला मे २०२५ पासून पहिल्या पाच किलोमीटरसाठी १० रुपये आणि वातानुकूलित बसला १२ रुपये पडतात. येथे थोडा हिशेब करावा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. चौघे प्रौढ असतील तर बसला किमान ४० रुपये होतात आणि दीड-दोन किलोमीटरला टॅक्सी साधारण तेवढ्यातच नेते. जवळच्या अंतराला काही चालक नकार देतात. तेव्हा वाद न घालता पुढची टॅक्सी पाहावी. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला चालतच नाहीत, म्हणून दादर किंवा फोर्टात रिक्षा शोधू नये.

तीन दिवसांचा क्रम

पहिल्या दिवशी आंघोळ-नाश्ता करून अकरानंतर मध्य रेल्वेने सीएसएमटीला यावे. बाहेर येऊन रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभे राहिले की स्थानकाची इमारत पूर्ण दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पुरी झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा आहे. मुलांना वर्षे सांगण्यापेक्षा दगडातले प्राणी शोधायला सांगावे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे, एक ब्रिटनचा आणि दुसरा भारताचा. तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने कमानींच्या सावलीतून चालत हुतात्मा चौकात यावे, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक पाहावे आणि काळा घोडा भागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दुपार घालवावी. या सहलीतील हे एकच प्रवेशशुल्क जरा जड वाटेल, पण बाहेर ऊन असताना दोन-तीन तास तेथे सार्थकी लागतात. चारनंतर राजाबाई टॉवर पाहत ओव्हल मैदान ओलांडले की चर्चगेट आणि पुढे मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसावे, खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर मात्र कोणी उतरू नये, कारण ते निसरडे असतात. नऊच्या सुमारास चर्चगेटहून निघावे. गाडी तेथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते.

दुसरा दिवस घारापुरीचा. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात आणि पोहोचायला साधारण एक तास लागतो. तिकीट अधिकृत खिडकीवरच घ्यावे, ते परतीसह असते. वरच्या मजल्यावर बसण्याचे थोडे पैसे वेगळे घेतात आणि ते जरूर द्यावेत. हिवाळ्यात बोट सुटताच कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागतो, लोक हात वर करून गाठी-फरसाण धरतात आणि पक्षी उडता उडता ते टिपतात. पाहण्यास हे गमतीचे असले तरी पक्ष्यांना तळलेले खाऊ घालू नये आणि मुलांनी कठड्याबाहेर वाकू नये. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसून मोठी जीवितहानी झाली होती. म्हणून लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे आणि मुलांचे पट्टे स्वतः आवळावेत.

बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते आणि नंतर शंभराहून अधिक पायऱ्या. ज्येष्ठांसाठी डोलीची सोय आहे, पण दर आधी ठरवावा. माकडे हातातील पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ बॅगेत बंद ठेवावा. मुख्य लेण्यातील तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे आणि डोळे अंधाराला सरावले की मगच ती नीट दिसते. शेवटच्या बोटीची वाट न पाहता दुपारी दोन-अडीचपर्यंत परतावे.

तिसऱ्या दिवशी सकाळीच खोली सोडून सामान दादर स्थानकाच्या क्लोक रूममध्ये ठेवावे. तेथे कुलूप लावलेलेच सामान घेतात, म्हणून प्रत्येक बॅगेला लहान कुलूप घरूनच आणावे. मग मध्य रेल्वेने भायखळ्याला जाऊन राणीची बाग, अर्थात वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान पाहावे. लहान मुलांना पेंग्विनच्या काचेसमोरून हलवणे कठीण असते, तेव्हा तेथे आधीच जावे. लगतच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला जेमतेम एक तास पुरतो. मुले दहा-बारा वर्षांपेक्षा मोठी असतील तर माझ्या मते भायखळ्याऐवजी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहावीत. डोंगरात कोरलेली शंभरावर लेणी, पाण्याची टाकी आणि दगडी बाके चढून पाहण्यात त्यांचा दिवस जातो. मात्र तेथून संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी निघावे. जुन्या पिढीच्या आठवणीतील तारापोरवाला मत्स्यालय काही वर्षांपासून बंद आहे; त्यासाठी वाट वाकडी करू नये.

दुपारनंतर शिवाजी पार्क, चैत्यभूमी आणि दादर चौपाटी हा सगळा भाग चालत होतो.

समुद्र आणि कॅलेंडर

ओहोटीला गेलात तर गिरगाव-दादरच्या किनाऱ्यावर पाणी लांब गेलेले असते आणि भर भरतीला दादरला वाळूच फारशी उरत नाही. कोकणात यासाठी सोपा हिशेब आहे: तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला. नेमकी वेळ त्या दिवशीच्या भरतीच्या तक्त्यावर पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. हाजीअलीच्या दर्ग्याचा रस्ताही भरतीला पाण्याखाली जातो. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर दरवर्षी बुडण्याच्या घटना घडतात, म्हणून तेथे पाण्यात उतरूच नये. बोटीची हौस स्वस्तात भागवायची असेल तर वर्सोवा ते मढ ही फेरीबोट आहे. काही मिनिटांचा प्रवास आणि नाममात्र भाडे.

जेवण

सकाळी वडापाव किंवा उसळपाव, दुपारी राइस प्लेट आणि रात्री हलके काही, असा क्रम ठेवला तर चौघांचे भागते. माटुंग्याची उडुपी उपाहारगृहे आणि दादर-गिरगावातील मराठी खानावळी यांत पैशांचा पुरेपूर मोबदला मिळतो. गेटवे आणि कुलाब्याच्या आसपासच्या हॉटेलांत मात्र त्याच पदार्थाला दुप्पट मोजावे लागतात, तेव्हा तेथून चालत फोर्टात यावे; कचेऱ्यांमधील माणसे जेथे रांग लावतात तेथे दर बेताचे असतात. पहिल्या दिवसासाठी घरच्या दशम्या, चटणी आणि लाडू आणावेत. पाण्याच्या बाटल्या भरूनच बाहेर पडावे.

परतीची गाडी

शनिवारी संध्याकाळी सामान क्लोक रूममधून काढायला अर्धा तास लागू शकतो, कारण परतणाऱ्यांची रांग असते. पावती नुसती बाबांच्या खिशात नको, फोनमध्ये तिचा फोटोही हवा. गाडी दादरला थांबत असली तरी ती दोन-तीन मिनिटेच थांबते. चार बॅगा आणि पेंगुळलेली मुले असतील तर उलट दिशेने सीएसएमटीला जाऊन गाडी लागण्याच्या वेळी तेथेच बसावे. त्या वेळी दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकल बऱ्यापैकी रिकाम्या असतात.